पीळ कोणाचा?

सुंभ जळला तरी पीळ जळत नाहीं, ही म्हण आम्ही शाळेंत गिरविली आणि पुढें शिक्षक झाल्यावर विद्यार्थ्यांस लावीत आलों. अठरा वर्षांपूर्वीं एका बुद्धिमान पण उद्धट मुलास महाविद्यालयांतून काढून टाकावें कीं नाहीं, असा प्रश्न शिस्तीच्या समितीपुढें आला असतां आम्ही काढण्याच्या बाजूनें मत दिलें, आणि तें देतांना हीच म्हण उच्चारली. समितींतील मंडळी हंसली, व ठराव मंजूर झाला.

ही गोष्ट आम्हांस पुन्हां आठवली ती मुंबई बंदरांत, एका मित्राच्या लहानशा शिडाच्या होडींत. अशा होडीचें शीड ज्या आडव्या वाशास बांधतात, तो वाशा आंत ओढण्यास वा बाहेर सोडण्यास एक दोर असतो. इंग्रज खलाशी त्यास मेनशीट म्हणतात. शीट म्हणजे येथें चादरही नव्हे व शीडही नव्हे, तर दोर, हें कळावयास इंग्रजी शिकविण्यांत हयात घालविलेल्या आम्हांस पन्नाशी ओलांडावी लागली. हा दोर वाशाखालीं एक व होडीच्या तळाशीं एक अशा दोन जोडकप्प्यांतून फिरतो. त्याचे चार पदर झाल्यामुळें एका माणसाच्या हातास मोठें शीड आवरतें.

दुपारनंतर वायव्येचा वारा एकाएकीं वाढला. मित्र ओरडला, "दोर सोडा!" आम्ही सोडला, पण दोर हलेना. वरची कप्पी फिरून चारही पदर वेणीसारखे एकमेकांभोंवतीं गुंडाळले होते. वारा शिडांत कोंडला, होडी कलली, एका कांठावरून पाणी आंत आलें. मित्रानें सुकाणू फिरवून होडीचें तोंड वाऱ्याकडे केलें म्हणून निभावलें. किनाऱ्याला लागल्यावर आम्ही आपला निर्णय दिला कीं, दोरच पिळाचा आहे, तो टाकून द्यावा.

तेथें एक वृद्ध तांडेल बसला होता. तो म्हणाला, "दोराला कशाला बोल लावतां, साहेब? पीळ तुमच्या हातानें भरलाय."

मग त्यानें जें दाखविलें तें कोणत्याही नीतिशास्त्राच्या वर्गांत दाखविण्याजोगें आहे. मित्र मोठा टापटिपीचा. रोज सायंकाळीं तो दोराचीं गोल वेटोळीं एकाच दिशेनें घाली, आणि अशा प्रत्येक वेटोळ्याबरोबर दोरांत एक आटा भरतो. दोर विणलेला असल्यामुळें तो आटा डोळ्यांस दिसत नाहीं. दोराचें टोंक मोकळें असतें, तर तो तेथून निघून गेला असता. परंतु टोंक पाण्यांत पडूं नये म्हणून मित्रानें तें तळाच्या कडीस बांधून ठेविलें होतें. उलटपक्षीं, वरची कप्पी मात्र फिरत्या आंकड्यावर टांगलेली होती. कोंडलेल्या पिळानें सैल जागा शोधली, कप्पी अर्धा वळसा फिरली, व पदर गुंतले.

उपाय साधे होते. फिरता आंकडा काढून कप्पी अशी पक्की बसविली कीं, खालच्या व वरच्या चाकांची ओळ जुळावी. तेवढ्यानें पीळ नाहींसा होत नाहीं. तो पदरांत न शिरतां शेपटाकडे जातो, इतकेंच. म्हणून टोंक सोडून दिलें, व दोर कप्पींतून निसटूं नये एवढ्यापुरती इंग्रजी आठाच्या आंकड्यासारखी गांठ मारली. त्यापूर्वीं सबंध दोर कप्प्यांतून काढून एका फेरींत होडीमागें पाण्यांत ओढीत नेला. आटे आपोआप निघून गेले. आतां वेटोळींही त्याच आंकड्याच्या आकाराचीं, एक उजवें व एक डावें, अशीं घालतात.

वांकडें लाकूड सरळ करणारे तें उलट बाजूस वांकवितात, तसें माणसानें आपल्या दोषाच्या विरुद्ध दिशेस स्वतःस ओढावें, असें ॲरिस्टॉटल सांगतो. दृष्टांत लाकडाचा आहे. मित्रानें पूर्वीं दोर हातानें उलट पिळून पाहिला होता. अंदाज चुकून नवाच पीळ भरला. सुंभाचा पीळ निराळा. त्या पिळावांचून सुंभ म्हणजे नुसता काथ्या. म्हण त्या पिळाविषयीं आहे. आम्ही ती दुसऱ्याच पिळास लावली.

वाचक म्हणतील, माणूस दोर नव्हे. सर्व पीळ दुसऱ्याच्या हाताचा मानला तर दोष कोणासच देतां येणार नाहीं. हें आम्हांस मान्य आहे. तो मुलगा वर्गांत जें बोलला तें त्याचेंच होतें, व तें अक्षम्य होतें. परंतु स्वातंत्र्य किती द्यावें, ह्यावर आम्ही शिक्षक जितकें बोलतों, तितकें तें कोठें द्यावें ह्यावर बोलत नाहीं. हुशार म्हणून त्याची गैरहजेरी आम्हीच दोन वर्षें माफ केली. निबंधाची मुदत त्याच्यासाठीं आम्हीच पुढें ढकलली. जेथें कप्पी पक्की हवी, तेथें फिरता आंकडा दिला. आणि एका परीक्षकाविरुद्ध गाऱ्हाणें घेऊन तो चार पानांचा अर्ज आमच्याकडे घेऊन आला, तेव्हां तो योग्य मार्गानें आलेला नाहीं, असें म्हणून आम्ही न उघडतां परत केला. वर्गांतील तो प्रसंग त्यानंतर नवव्या दिवशीं घडला.

त्या अर्जांत काय होतें, हें आम्हांस आजही ठाऊक नाहीं.