विकणाऱ्यांचा फड

चैत्र पौर्णिमेला कोल्हापूरजवळच्या जोतिबाच्या डोंगरावर गावोगावच्या सासनकाठ्यांची मिरवणूक निघते, तेव्हा कुणाची काठी पुढे आणि कुणाची मागे हे ऐन वेळी ठरत नाही. पहिला मान सातारा जिल्ह्यातल्या पाडळीच्या काठीचा, आणि त्यामागचा क्रम पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेला. तरीही यात्रेआधी काठीवाल्यांची आणि प्रशासनाची बैठक होते. मिरवणुकीची वाट, गाड्यांची जागा, पालखीची वेळ यावर बोलणं होतं. गावं वेगळी, जिल्हे वेगळे, पण डोंगरावर येण्याआधी एकमेकांशी बोलून घ्यायचं असतं, एवढं सगळ्यांना मान्य आहे.

याच डोंगरावर आणखी एक मोठा समाज येतो. काठीपुढे हलगी, ढोल आणि सनई वाजवणारे. देवघरातल्या देवाचे चांदीचे टाक विकणारे. तसबिरी, दवणा, गुलाल-खोबरं मांडून बसलेले. आणि देवदर्शनाच्या निमित्तानं आलेल्या मुंबई-पुण्याच्या पाहुण्याला कोल्हापुरी चप्पल दाखवणारे. यांची बैठक कुणी बोलावल्याचं माझ्या तरी ऐकिवात नाही. हलगीवाल्याला या वर्षी शेजारच्या गावानं काय दिलं, हे दुसऱ्या हलगीवाल्याला कळत नाही. टाकवाला आपला ठोक भाव बाजूच्या टाकवाल्याला सांगत नाही. सगळे खांद्याला खांदा लावून बसतात आणि धंदा मात्र मुठीत झाकून करतात.

कोल्हापूरला एकत्र यायचं कुणी शिकवायला नको. तालमी, तरुण मंडळं, दूध संघ, साखर कारखाने, सगळं इथं जमावानं उभं राहिलंय. यात्रेत दुचाकी मेकॅनिकांची संघटना डोंगराच्या वाटेवर बसते आणि बंद पडलेल्या गाड्या फुकट चालू करून देते. गायमुखापाशी सहजसेवा ट्रस्टचं अन्नछत्र चालतं. मग स्थानिक कला विकून पोट भरणारा माणूसच एकटा का?

मला वाटतं, याचं एक कारण आपल्या नजरेत आहे. कलावंताला आपण मान देतो, कारागिराला सहानुभूती देतो, आणि त्यांची कला बाजारात नेणाऱ्याला दलाल म्हणतो. शाल-श्रीफळ शाहिराला मिळतं. शाहिराच्या तारखा ठरवणारा, बिदागी वसूल करणारा, साउंडवाल्याची उधारी अंगावर घेणारा मंडपाच्या मागे उभा असतो. त्यातले काही खरोखरच लुटारू असतात, हेही खरं. पण विकणं हे कसब आहे, हे मान्य केल्याशिवाय चांगला विकणारा आणि लुटारू यांत फरक करता येत नाही.

खरं तर या गावाला ते फार पूर्वी समजलं होतं. बाबूराव पेंटरांनी कोल्हापुरात महाराष्ट्र फिल्म कंपनी काढली, तिच्या मागे गायिका तानीबाई कागलकरांचा पैसा होता. 'सैरंध्री' १९२० मध्ये आला. बाबूराव पेंटर, दिग्दर्शक, कॅमेऱ्याचे जाणकार, आणि वर स्वतःच्या चित्रपटांची पोस्टरंही करणारे. त्यांच्या 'कल्याण खजिना'चं १९२४ चं पोस्टर हे आज हाती असलेल्या भारतीय चित्रपट-पोस्टरांमधलं सर्वांत जुनं मानलं जातं. कला करणारा हात आणि कला लोकांपुढे मांडणारा हात तेव्हा एकाच खांद्याला होता. त्या कंपनीत तयार झालेल्या दामले, फत्तेलाल, शांताराम आणि धायबर यांनी सीताराम कुलकर्णींच्या साथीनं १९२९ मध्ये प्रभात उभी केली. एकमेकांच्या शेजारी बसून शिकलेली माणसं होती ती.

पण विकणाऱ्यांची खरी पंचायत पाहायची तर डोंगर उतरून पुणे जिल्ह्यात, जुन्नर तालुक्यातल्या नारायणगावला जावं लागतं. गुढीपाडव्याच्या सुमारास तिथं तमाशा फडांच्या राहुट्या लागतात. एकेका फडाची एकेक राहुटी, बाहेर फडाच्या नावाचा फलक, आत गादी किंवा खुर्च्या, टेबलावर वही आणि मॅनेजर. चैत्र-वैशाखातल्या जत्रांसाठी गावोगावचे पंच येतात. पहिला प्रश्न असतो तारखेचा. तारीख मोकळी असली की कलाकार किती, गाडी किती, वगनाट्य कोणतं, याची चौकशी. मग सुपारीवर घासाघीस, चहा, आणि जमलं तर हातात विसार. नाही जमलं तर पंच उठतात आणि शेजारच्या राहुटीत शिरतात.

वरवर पाहता ही निव्वळ स्पर्धा आहे. शेजारच्या राहुटीत काय चाललंय हे कापडाच्या भिंतीपलीकडून ऐकू यावं, इतकी जवळची. पण या जवळिकीमुळेच काही गोष्टी आपोआप घडतात. कुठल्या फडाची सुपारी कितीवर गेली हे त्याच दिवशी गावभर होतं, त्यामुळे कुणाला फार खाली उतरवता येत नाही. गेल्या वर्षी कुठल्या गावानं ठरलेले पैसे दिले नाहीत, कुठे खेळ बंद पाडला, कुठे बायकांशी वाईट वागले, हे चहाच्या टपरीवर सांगितलं जातं. ज्या फडाची तारीख भरली त्याच्याकडे आलेलं गाव दुसऱ्याच्या वहीत जातं. त्यासाठी संस्था, घटना, अध्यक्ष असं काही लागत नाही. एका गावात, एका हंगामात, एका रांगेत बसण्यानं एवढं साधतं.

नारायणगाव ज्यांच्या नावाला जोडलं गेलं, त्या विठाबाई भाऊ मांग नारायणगावकरांना राष्ट्रपतींच्या हस्ते गौरव मिळाला आणि अखेरचे दिवस हलाखीत गेले. हा दाखला आपण कलावंताच्या उपेक्षेचा म्हणून देतो. मला त्यात फडाच्या हिशेबाचा प्रश्नही दिसतो. फडमालक हंगामाआधी कलाकारांना उचल देतो, ती उचल देण्यासाठी स्वतः व्याजानं पैसे उचलतो, आणि हंगाम बरा गेला तर दोन्ही फिटतं. राहुट्या शेजारी-शेजारी, कर्ज मात्र ज्याचं त्यानं एकट्यानं फेडायचं. म्हणजे नारायणगावच्या रांगेनं भाव आणि बातमी वाटून घेतली, जोखीम नाही वाटली. २०२० आणि २०२१ ची चैत्र-वैशाखाची जत्रा कोरोनानं खाल्ली, जोतिबाची यात्राही भरली नाही, तेव्हा सगळे फड एकाच वेळी बसले. कुणी कुणाला हात द्यायचा?

म्हणून एकाच धंद्यातल्या माणसांचा संघ पुरत नाही. चप्पल विकणाऱ्याचा पडता काळ पावसाळा, कारण खरं कातडं पाण्याला भितं. तमाशाचा फडही पावसाळ्यात बंदच. पण कुंभार गल्लीत आषाढ-श्रावणात मान वर करायला वेळ नसतो, गणपतीचं काम अंगावर असतं. हलगीवाल्याचे दिवस चैत्रातले, टाकवाल्याचे लग्नसराईतले आणि नवरात्रातले. ज्यांचे उपाशी महिने वेगळे आहेत, अशांनी एकत्र बसण्यात अर्थ आहे. एकाच्या मोकळ्या दिवसांत दुसऱ्याला माणूस लागतो, गाडी लागते, गाळा सांभाळायला हात लागतो, चार पैसे फिरवायला लागतात.

आता चपलेकडे येऊ, कारण गेल्या दोन वर्षांत सगळ्यात मोठा गाजावाजा तिचाच झाला. जून २०२५ मध्ये मिलानच्या फॅशन शोमध्ये इटलीच्या प्राडा कंपनीनं कोल्हापुरीसारखी चप्पल दाखवली आणि कोल्हापूरचं नाव घेतलं नाही. महाराष्ट्र चेंबर ऑफ कॉमर्सनं पत्र लिहिलं, कंपनीनं भारतीय हस्तकलेतून प्रेरणा घेतल्याचं मान्य केलं, जुलैत त्यांची माणसं कोल्हापुरात येऊन गेली. मुंबई उच्च न्यायालयात जनहित याचिका गेली ती फेटाळली गेली. न्यायालयाचा मुद्दा साधा होता: भौगोलिक मानांकन ज्यांच्या नावावर आहे त्यांनी यावं. ते नाव आहे दोन सरकारी महामंडळांचं, महाराष्ट्राचं संत रोहिदास चर्मोद्योग महामंडळ आणि कर्नाटकाचं लिडकर. २०१९ च्या त्या मानांकनात कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि सीमेपलीकडचे बेळगाव, धारवाड, बागलकोट, विजापूर हे जिल्हे येतात. डिसेंबर २०२५ मध्ये प्राडानं करार केला तोही या महामंडळांशीच: दोन हजार जोड, किंमत सुमारे ८०० युरो.

या सगळ्या प्रकरणात कोल्हापुरातल्या चप्पल लाईनमधला दुकानदार कुठे होता? टीव्हीवर. वाहिनीवाल्यांनी माइक पुढे केला की तो बोलला, आणि माइक गेला की गाळ्यात जाऊन बसला. महामंडळानं भांडावं, करार करावा, त्यात वावगं काही नाही. वारली चित्रांचं मानांकन मात्र आदिवासी युवा सेवा संघानं स्वतःच्या नावावर मिळवलं, हा फरक डोळ्यांत भरतो. ज्याचं नाव कागदावर, त्याला फोन येतो.

पण कोल्हापुरी चपलेचा रोजचा शत्रू मिलानमध्ये नाही. तो शेजारच्या खुंटीवर लटकलेला असतो. जोतिबाच्या वाटेवर गिऱ्हाईक उभं राहतं, चप्पल उचलून वाकवून बघतं, नाकाला लावतं आणि विचारतं, "दादा, ओरिजिनल आहे ना?" विकणारा म्हणतो, "देवाच्या दारात खोटं कशाला बोलू, ताई?" त्याच्याकडे दोन्ही माल असतो. एक बाभळीच्या सालीत आणि हिरड्यात पिकवलेल्या कातड्याचा, चामड्याच्याच वादीनं शिवलेला, खिळा नसलेला. दुसरा कारखान्यातून आलेला, वरून तसाच दिसणारा आणि निम्म्याहून कमी भावाचा. गिऱ्हाइकाला फरक कळत नाही, आणि खरा माल दाखवून भाव सांगितला की ते पुढच्या गाळ्यावर जातं. पुढचा दुसरा माल पहिल्याच्या नावानं खपवतो. मग पहिल्यानं किती दिवस खरं बोलायचं?

हा एकट्यानं सोडवायचा प्रश्नच नाही. 'कोल्हापुरी' हे नाव गायरानासारखं आहे. एकानं त्यात जास्त जनावरं सोडली की सगळ्यांचं गवत जातं. खरी चप्पल ओळखायला क्यूआर कोड आलेत, चांगलंच आहे, पण कोड तपासायला गिऱ्हाईक थांबेल तेव्हा. त्याआधी रांगेतल्या पंधरा गाळ्यांनी आपसात ठरवावं लागतं की नकली माल विकायचा तर वेगळ्या खुंटीवर, वेगळ्या नावानं आणि उघड सांगून. हा नियम कुठलंही महामंडळ लावू शकत नाही. शेजारीच लावू शकतो, कारण त्यालाच रोज दिसतं.

सीमेपलीकडे अथणीत एक वेगळा प्रयोग झाला. १९९० च्या दशकाच्या अखेरीपासून तिथल्या चर्मकार बायकांचे बचत गट उभे राहिले आणि 'टोहोल्ड' या स्वतःच्या नावानं त्यांची पायताणं परदेशात गेली. एरवी आगाऊ रक्कम देऊन माल बांधून घेणाऱ्या व्यापाऱ्याशिवाय वाट नसते, तिथं बायकांनी स्वतःचं नाव लावलं. मला त्यातली आणखी एक गोष्ट महत्त्वाची वाटते. कोल्हापुरीतलं बारीक काम, वेणी घालणं, शिवणं, बऱ्याच घरांत बायका करतात. दुकानात मात्र पुरुष बसतो. भावाची घासाघीस कशी चालते, गिऱ्हाईक कशाला नाक मुरडतं, हे करणारीला कधी ऐकूच येत नाही. याला अपवाद राज्याच्या उमेद अभियानाच्या महालक्ष्मी सरस प्रदर्शनाचा. त्यात गावोगावच्या बायका काही दिवस एका छताखाली राहतात, शेजारी-शेजारी मांडतात. तिथं दुपारी गर्दी ओसरल्यावर जे बोलणं होतं ते कुठल्याही प्रशिक्षण वर्गात मिळत नाही. कुणी पॅकिंग कुठून आणलं, कुणाचे पैसे कुठल्या दुकानदारानं सहा महिने अडकवले, कुरिअरला किती पडले. मग प्रदर्शन संपतं आणि पांगापांग होते.

या ठिकाणी एक अवघड गोष्ट बोलायला हवी. 'समव्यावसायिक' हे आपण सहज म्हणतो, पण सगळे सम नसतात. हलगीवाला एका जातीचा, चप्पलवाला दुसऱ्या, टाक घडवणारा तिसऱ्या, कुंभार चौथ्या. यात्रेत सगळे एका गुलालात न्हातात हे खरं, पण कुणाला बसायला खुर्ची आणि कुणाला पायरी, हे गुलाल धुतल्यावर पुन्हा दिसतं. म्हणून मोठ्या गोतावळ्याची, मान्यवर-प्रमुख पाहुणे असलेली संस्था काढली की तिच्यात जुनीच उतरंड शिरते. अध्यक्षपदासाठी दोन गट पडतात, वर्षातून एक सत्कार होतो आणि काम संपतं. व्हॉट्सअॅपचे गट तर आपण सगळेच बघतो. पहिल्या आठवड्यात भाव, दुसऱ्यात सुविचार, तिसऱ्यात पुढाऱ्याच्या वाढदिवसाचे फलक.

नारायणगावची रांग याहून शहाणी आहे. तिनं माणसांना एका जागी, ठरलेल्या काळात, कामासाठी बसवलं. जोतिबाला ती सोय आयती आहे. चैत्र यात्रेनंतरच्या रविवारी पाकाळणी असते. देऊळ धुतलं जातं, गर्दी असते पण पौर्णिमेइतकी नाही. विकणाऱ्यांच्या हातात तेव्हा ताजा हिशेब असतो: काय खपलं, काय पडून राहिलं, कुठल्या गावानं हलगीचे पैसे बुडवले, कुणाचा गाळा कुणी बळकावला. त्याच आठवड्यात एका दुपारी, व्यासपीठ आणि माइक नसलेल्या एका जागी हे सगळे बसले तर पुरे. हलगीवाल्यांनी पुढच्या वर्षी किती रुपयांच्या खाली वाजवायचं नाही हे ठरवावं. चप्पलवाल्यांनी खुंट्या वेगळ्या कराव्यात. बायकांनी शिवलेल्या जोडाची मजुरी मोठ्यानं सांगितली जावी. आणि बुडव्या ठेकेदारांची, दुकानदारांची नावं नुसती एकमेकांच्या कानावर घालावीत.

देवळाचा कारभार पाहणाऱ्या पश्चिम महाराष्ट्र देवस्थान समितीनं आणि डोंगरावरच्या वाडी रत्नागिरीच्या ग्रामपंचायतीनं यासाठी एक सावलीची जागा आणि पिण्याचं पाणी द्यावं. भाषण करायला मात्र कुणी येऊ नये.