शंभरपैकी किती?

पक्षाघाताचा झटका येऊन गेलेल्या माणसाचे परावलंबित्व आकड्यांत मोजावे काय? प्रश्न वरकरणी वैद्यकाचा वाटतो; वस्तुतः तो नीतीचा आहे. ज्या माणसाने उभा संसार पेलला, त्यास शंभरपैकी पंचावन्न गुण द्यायचे, ही कल्पनाच कित्येकांना अवमानकारक वाटते. शासकीय सेवेत आयुष्य घालविलेल्या आम्हांस मात्र दुसरी बाजूही ठाऊक आहे. ज्याची मोजदाद होत नाही, त्याच्या वाट्याला काही येतही नाही. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातील अनेक सवलती किमान चाळीस टक्के दिव्यांगत्वाच्या दाखल्यावाचून मिळत नाहीत. तेव्हा मोजावे की नाही, हा वाद व्यर्थ होय. मोजतो ते नेमके काय, हे पाहिले पाहिजे.

जगभर रूढ असलेली एक मापनपट्टी अमेरिकेतील मेरीलँड राज्यात फ्लॉरेन्स महोनी आणि डोरोथिया बार्थेल यांनी १९६५ साली प्रसिद्ध केली. तीत दहा बाबी आहेत : जेवण, अंघोळ, तोंड धुणे व केस विंचरणे, कपडे घालणे, शौचावर ताबा, लघवीवर ताबा, शौचालयाचा वापर, खाटेवरून खुर्चीवर बसणे, सपाटीवर चालणे आणि जिना चढणे-उतरणे. अंघोळीस ५ गुण, जेवणास १०, चालण्यास १५, एकूण १००. हे गुण कशावरून ठरविले? रुग्णास एखादी गोष्ट करता न आल्यास दुसऱ्याचा किती वेळ आणि किती श्रम खर्च होतील, यावरून. म्हणजे हा आकडा दिसतो रुग्णाचा, पण त्यात हिशेब असतो शुश्रूषा करणाऱ्याच्या दिवसाचा. आपल्या घरांत तो दिवस बहुधा पत्नीचा वा सुनेचा असतो, आणि त्याची नोंद अन्य कोठेही होत नाही.

या पट्टीचा आणखी एक नियम मननीय आहे. काठीच्या आधाराने चालणाऱ्याचे गुण कमी होत नाहीत. पण कोणी जवळ उभे राहिल्याशिवाय ज्यास सुरक्षितपणे चालता येत नाही, त्यास पूर्ण गुण मिळत नाहीत. शिवाय रुग्ण काय करू शकेल हे नव्हे, तर प्रत्यक्षात काय करतो, हे पाहावे, असा दंडक पुढे रूढ झाला. ‘शकेल’ आणि ‘करतो’ यांमधील अंतर नेहमीच आजाराचे नसते. घास भरविणारा प्रेमळ हात, कठडा नसलेला अरुंद जिना, उकिडवे बसावे लागणारे शौचालय, यांचाही त्यात वाटा असतो. आपल्या पूर्वजांनी बांधलेल्या जुन्या वाड्यांत उंच उंबरठे आणि परसातील न्हाणीघर असे. अशा घरात रुग्णाचे गुण कमी भरले, तर उणेपणाचा काही भाग घराच्या नावे मांडणे न्याय्य ठरेल. कठडा बसविणे हेदेखील मग औषधोपचाराइतकेच कर्तव्य होते.

सेवेच्या बाबतीत तर अधिकच विवेक हवा. डाव्या हाताने सावकाश, सांडत-लवंडत का होईना, जेवू शकणाऱ्यास घाईने भरविणे ही ममता खरी. परंतु तीत त्याचे स्वातंत्र्य हिरावले जाते. उलटपक्षी, गुण वाढावेत म्हणून थकलेल्या माणसास एकटे सोडणे ही निष्ठुरता होय. या दोहोंमधील वाट पट्टी दाखवीत नाही; ती रोज, त्या माणसाकडे पाहूनच, शोधावी लागते.

आणि शंभर गुण मिळाले तरी काय? त्याचा अर्थ एवढाच की, नित्याच्या दहा गोष्टींस मदतनीस लागत नाही. एवढ्यावरून असा मनुष्य एकटा राहू शकेल असे समजू नये, हे पट्टीच्या कर्त्यांनीच सांगून ठेवले आहे. वाचा गेलेल्यालाही शंभर गुण मिळू शकतात, कारण बोलण्याचा प्रश्न तीत नाही. नातवाशी गप्पा, देवपूजा, पत्रलेखन, चारचौघांतील ऊठबस यांस तेथे रकाना नाही.

आमच्या मते आकडा अवश्य नोंदवावा. मात्र तो माणसाची किंमत म्हणून वाचू नये. शंभरात जे गुण उणे पडतात, तितके काम कोणाला तरी करावे लागते. ते कोण करीत आहे, आणि तिला विसावा कधी मिळतो, एवढे त्या आकड्याशेजारी प्रत्येक घराने लिहून ठेवावे.