सोऱ्याची लढाई

दिवाळीच्या भुईनळ्यात जी दारू ठासलेली असते, तिच्यात कोळसा, गंधक आणि सोरा असतो. यांतला सोरा मोठा विलक्षण. त्याच्या जातीचे क्षार शेतात घातले तर पीक तरारते, दारूगोळ्यात घातले तर माणूस मरतो. क्षाराला स्वतःला याचे सुखदुःख नाही. म्हणून अमक्या वस्तूपायी युद्ध झाले असे कुणी म्हटले, की मनात येते, त्या मुक्या वस्तूवर आपण उगाच आळ तर घेत नाही ना?

दक्षिण अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर आताकामाचे वाळवंट आहे. तिथे पाऊस जवळजवळ नाहीच. पण त्या मातीत हा क्षार सापडला आणि पेरू, बोलिव्हिया व चिली या तिन्ही देशांची नजर तिच्यावर खिळली. बोलिव्हियाच्या मुलखात क्षार काढीत होती ती चिलीची कंपनी. पंचवीस वर्षे चिलीच्या धंद्यांवर नवा कर बसवणार नाही, असा शब्द बोलिव्हियाने १८७४ च्या तहात दिला होता. १८७८ मध्ये त्याने क्विंटलमागे दहा सेंटाव्होंचा कर बसवला. कंपनीने तो नाकारला आणि फेब्रुवारी १८७९ मध्ये चिलीचे सैन्य अंतोफागास्ता बंदरात उतरले. बोलिव्हियाशी गुप्त करार केलेला पेरूही युद्धात ओढला गेला. शेवटी पेरूचा तारापाका प्रांत गेला आणि बोलिव्हियाचा सारा किनारा गेला. त्या देशाला आजही समुद्र नाही.

आता पाहा, युद्धाआधी हा क्षार जहाजे भरभरून युरोपच्या शेतांकडे जात होता आणि युद्धानंतरही तिकडेच जात राहिला. बदलला तो फक्त जकात घेणारा हात. हजारो माणसे मेली ती टंचाईपायी नव्हे, नाक्यावर कुणी बसावे एवढ्यापायी. एकाने शब्द मोडला, दुसऱ्याने शस्त्र उपसले. क्षार होता तिथेच पडून होता.

मग वस्तू मुबलक झाली तर युद्धे थांबतील काय? त्याचीही परीक्षा झाली आहे. फ्रित्स हाबर या जर्मन शास्त्रज्ञाने हवेतल्या नायट्रोजनपासून अमोनिया बनवण्याची रीत शोधली आणि १९१३ साली ओप्पाउ येथे तिचा कारखाना सुरू झाला. खताचे मूळ द्रव्य आता हवेतूनच मिळू लागले. आणि हवेसाठी कुणाची सीमा ओलांडावी लागत नाही! पण पुढच्याच वर्षी महायुद्ध पेटले. इंग्रजांच्या आरमाराने चिलीच्या क्षाराची वाट अडवताच जर्मनीने या नव्या रीतीतून दारूगोळ्याची गरज भागवली. शेतासाठी लागलेला शोध तोफेनेही वापरला.

पुढे कृत्रिम खतापुढे आताकामातल्या खाणींचा धंदा बसला. हम्बरस्टोन नावाचे तिथले खाणगाव ओस पडले. २००५ पासून ते जागतिक वारसा म्हणून जपले जाते. ज्यासाठी रक्त सांडले, त्या वस्तूचे मोल दोन पिढ्यांतच ओसरले.

घरात पोरे फुलबाज्यांवरून भांडू लागली, की आपण आणखी एक पुडा आणून देतो. भांडण तेवढ्यापुरते मिटते. पण वाटणी कोणी करायची आणि ठरलेली वाटणी दोघांनी पाळायची की नाही, हे शिकवायचे राहूनच जाते. राष्ट्रांनाही तेवढेच शिकायचे आहे, आणि त्यांना ते शिकवायला घरात वडीलधारे कुणी नाही.