आडनावाचा वारसा

भोपाळच्या इंद्रपुरीत एखाद्या मराठी माणसाचे आडनाव ‘कर’ने संपले की पुढील प्रश्न ठरलेलाच : “आपले मूळ गाव कोणते?” हा प्रश्न दर वेळी नेमका लागतोच असे नाही. डॉ. रामकृष्ण गोपाळ भांडारकरांचेच पाहा. मालवणास ६ जुलै १८३७ रोजी जन्मलेल्या या सारस्वत पंडिताच्या घराण्याचे मूळ आडनाव पत्की. पूर्वज खजिन्याच्या, म्हणजे भांडाराच्या, कामावर असल्याने भांडारकर हे नाव रूढ झाले. गाव शोधणाऱ्याने येथे दप्तर शोधावयास हवे.

परंतु आडनाव उकलले म्हणजे पूर्वजाचे घर उकलले असे होत नाही. भांडारकरांनी १८९१ मध्ये आपल्या विधवा कन्येचा पुनर्विवाह करून दिला. अशा विवाहास १८५६ पासून कायद्याची मान्यता होती; मात्र त्याच कायद्याने पुनर्विवाहितेचा पहिल्या पतीच्या मिळकतीवरील हक्क काढून घेतला होता. कायदा निदान अर्धा बाजूस होता. ज्ञाती तेवढीही नव्हती. स्वजनांचा तीव्र विरोध सोसून त्यांनी हे कार्य पार पाडले. पुनर्विवाहाच्या बाजूने शास्त्राधार काढून दाखविणारे त्या काळी पुष्कळ होते. स्वतःच्या दारी मांडव घालणारे थोडे. (आम्ही वकिली पेशातले, मुद्दा मांडणे आणि तो स्वतःस लागू करणे यांतील अंतर आम्हांस चांगले ठाऊक आहे.)

आज त्याच भांडारकरांस आपण ज्ञातिभूषण म्हणतो आणि १९१७ साली पुण्यात त्यांच्या नावाने स्थापन झालेल्या प्राच्यविद्या संशोधन मंदिराचा अभिमान बाळगतो. पूर्वजाच्या कीर्तीवर वारसाहक्क सांगणाऱ्यास त्याला झालेल्या विरोधाचे दायित्व नाकारता येईल काय? पित्याचे ऋण फेडणे हे जुन्या हिंदू कायद्याने पुत्राचे धर्मकर्तव्य मानले होते. केवळ त्या आधारावर नव्या ऋणासाठी पुत्रास न्यायालयात खेचण्याची वाट २००५ च्या दुरुस्तीने बंद झाली. कुलवृत्तांत लिहिणाऱ्यास मात्र अशी सूट कोणी दिलेली नाही. विरोध करणारेही आपलेच पणजोबा होते.

आणि जिच्या आयुष्याचा हा प्रश्न, तिला जुन्या वंशवृक्षात शाखाच नसते. मुलगी परक्या कुळाची, म्हणून माहेरच्या वंशावळीतून गळते. पुनर्विवाह झाला की पहिल्या सासरच्या वंशावळीतूनही. कुळावींच्या याद्या नव्याने छापणाऱ्यांनी अशा स्त्रीचे नाव, माहेर आणि दोन्ही सासरे यांसह, एका ओळीत द्यावे. आणि तिच्या लग्नास आप्तांपैकी कोण आले नव्हते हे घरच्या कागदांत सापडल्यास तेही खाली लिहावे.