कळलं, कळलं!

महाराष्ट्रात तळेगाव नावाचं गाव एकच असतं, तर आमचं निम्मं आयुष्य खुलासे करण्यात गेलं नसतं. "आपण कुठले?" या प्रश्नाला "तळेगावचा" असं उत्तर दिलं, की समोरचे गृहस्थ तत्काळ मान डोलावतात. "हो हो, माहीत आहे ना! काचेचा कारखाना!" आता, 1908 साली पैसा फंडाचा काच कारखाना निघाला तो तळेगाव दाभाड्यात, मुंबईच्या वाटेवर. आमचं तळेगाव ढमढेऱ्यांचं. ते नगर रस्त्याला, शिक्रापूरहून आत वळल्यावर, वेळ नदीच्या काठी. दोन्हीकडे सरदार घराणी, दोन्हीकडे तळेगाव आणि मधे अख्खं पुणं. एवढं सांगूनही गृहस्थांची मान डोलायची थांबत नाही. "तेच ते, ढमढेरे! माहीत आहे ना!" 'मला माहीत नाही' हे तीन शब्द उच्चारले तर आभाळ कोसळेल, अशी त्यांची समजूत असावी.

या भीतीवर जपानी लोकांनी चक्क टीव्हीचा एक कार्यक्रम बसवला आहे. आमच्या चिरंजिवांनी तो मोबाइलवर दाखवला. 'गेइनोजिन काकुझुके चेक' असं त्याचं नाव. मराठीत म्हणायचं तर 'नामवंतांची दर्जातपासणी'. 1999 साली ओसाकाच्या वाहिनीवर तो दुसऱ्या एका कार्यक्रमाचा भाग म्हणून सुरू झाला आणि पुढे नववर्षाच्या सणाचा फराळच होऊन बसला. नट-नट्या, गायक, खेळाडू अशा बड्या मंडळींच्या डोळ्यांना पट्टी बांधतात आणि दोन पेले पुढे ठेवतात. एकात दहा लाख येनची वाईन, म्हणजे आपले साधारण पाच-सहा लाख रुपये! दुसऱ्यात पाच हजार येनची. ओळखा! कधी वाईनऐवजी वाद्यं असतात. एक जगप्रसिद्ध स्ट्रॅडिव्हॅरियस व्हायोलिन, दुसरं शिकाऊ पोराचं.

यातली खरी चव वाईनला नाही. ती घोट घेतल्यानंतरच्या प्रवचनाला आहे. जपानीचं एक अक्षर मला येत नाही. पण डोळे अर्धवट मिटणं, ओठ चघळणं आणि मग "याला म्हणतात दर्जा" अशा अर्थाचा उसासा टाकणं, हे सगळं मला आपल्याकडच्या लग्नाच्या पंगतीतून पाठ आहे. उत्तर दिल्यावर ही मंडळी 'अ' किंवा 'ब' खोलीत जाऊन बसतात. आपल्या खोलीत आणखी कोणी आलं की जीव भांड्यात पडतो. बुडायचंच तर सोबत असलेली बरी. शेवटी हामादा नावाचा सूत्रधार येऊन बरोबर उत्तराच्या खोलीचं दार उघडतो. चुकलेल्यांचा दर्जा एकेक पायरी उतरतो. तळाची पायरी 'पडद्यावर दाखवायच्या लायकीचा नाही' अशी. तिथे पोचलेला माणूस पडद्यावरून खरोखरच नाहीसा करतात.

आपण हसतो खरे. पण आपल्याकडे मे महिन्यात काय वेगळं चालतं? फोड तोंडात घालण्याआधीच काका जाहीर करतात, "देवगड! वासावरच कळतं." कोकणच्या हापूसला 2018 साली भौगोलिक मानांकन मिळालं, काकांच्या नाकाला अजून मिळालेलं नाही. पेटीतला आंबा कर्नाटकातला निघाला तरी काकांची मुद्रा तीच. संगीताचंही तसंच. 1971 साली न्यूयॉर्कमध्ये बांगलादेशच्या मदतीसाठी जी मैफल झाली, तिथे रविशंकर सतार नुसती जुळवत होते आणि श्रोत्यांनी टाळ्यांचा कडकडाट केला! बरं, ही अडाण्यांचीच खोड म्हणावी, तर 2001 साली बोर्दोच्या संशोधकांनी पांढऱ्या वाईनमध्ये लाल रंग मिसळून ती वाईनशास्त्राच्या 54 विद्यार्थ्यांपुढे ठेवली. त्यांनी तिचं वर्णन अगदी लाल वाईनच्या शब्दांत केलं.

तेव्हा प्रश्न असा, की याला खोटं बोलणं म्हणायचं का?

हॅरी फ्रँकफर्ट नावाच्या अमेरिकन तत्त्ववेत्त्याने 1986 साली याच विषयावर निबंध लिहिला. 2005 साली त्याचं छोटं पुस्तकही निघालं. त्याचं शीर्षक चारचौघांत उच्चारण्यासारखं नाही. बैल जे मागे टाकून जातो त्याच्याशी त्याचा संबंध आहे, एवढं सांगितलं म्हणजे पुरे. त्याचं म्हणणं असं, की लबाड माणसाला खरं काय ते ठाऊक असावं लागतं, नाही तर लपवणार काय? थापाड्याला मात्र खरं-खोटं कशाचीच फिकीर नसते. त्याला फक्त आपण कसे दिसतो याची काळजी. म्हणून सत्याचा मोठा शत्रू लबाड नव्हे, थापाड्या. बी. कॉम.च्या अभ्यासक्रमात हे नव्हतं, पण पटतं.

बैलाचा विषय निघालाच आहे तर चाकणच्या गुरांच्या बाजारात चला. व्यापारी बैलाची अशी तारीफ करतो, की बैलालाच संकोच वाटावा. गिऱ्हाईक काही बोलत नाही. पुढे होतो, बैलाचा जबडा उघडतो आणि दात बघतो. आदत, दुसा की चौसा, हे दातांनी सांगितलं की व्यापाऱ्याचं वक्तृत्व खाली बसतं. मग रुमालाखाली हात जातात आणि बोटांनी भाव ठरतो. थापा तिथेही दोन्हीकडून चालतात, पण खेळ चाललाय हे दोघांना ठाऊक असतं. शिवाय जबडा उघडलेला असतो. जपानात हामादा दार उघडतो, चाकणला गिऱ्हाईक जबडा उघडतं. जिथे काहीतरी उघडतं तिथली थाप ही करमणूक. माझा तिच्यावर आक्षेप नाही.

पण माझी नोकरी पडली बँकेच्या काउंटरवर. तिथे दार उघडतं ते तीन-चार वर्षांनी, पोस्टाने.

जामीनदार सहीला येतात. शिकलेले, घड्याळवाले, कोणी सेवानिवृत्त. कागद पुढे केला, "वाचून घ्या" म्हटलं, की ठरलेलं उत्तर येतं, "कळलं, कळलं. कुठे करायची सही?" 1872 च्या करार कायद्यात 128 वं कलम आहे. करारात वेगळं काही ठरलं नसेल तर जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराइतकीच, एका पैशाने कमी नाही. ते समजावायला लागलं तर माणूस दुखावतो. आपण अडाणी वाटलो की काय! नोटीस हातात पडल्यावर तेच गृहस्थ म्हणतात, "मला वाटलं, नुसती ओळख द्यायची आहे."

एकदा पुतण्या आपल्या चुलतीला घेऊन आला. ऐंशीच्या घरातल्या आजी. "साहेब, काकीला सगळं सांगितलंय. तुम्ही फक्त अंगठा घ्या."

मी विचारलं, "आजी, कळलं ना सगळं?"

"न्हाई बा. मला काय कळतंय त्यातलं? तूच वाचून दाव."

मी वाचलं. आजी म्हणाल्या, "म्हंजे ह्यानं न्हाई भरलं, तर माझ्या तीन एकरावर येनार?"

"येऊ शकतं, आजी."

"मग ऱ्हाऊ दे." आणि अंगठ्याला लागलेली शाई त्यांनी शांतपणे पदराला पुसली.

पुतण्याचा चेहरा पडला, मागच्या रांगेतले हसले. आजींच्या चेहऱ्यावर मात्र काहीच फरक नाही. दर्जाच्या कुठल्याच पायरीवर त्या उभ्या नव्हत्या, मग उतरणार कुठून? त्या दिवशी तीन एकर वाचले ते 'कळत नाही' एवढ्या दोन शब्दांनी.

म्हणून मला वाटतं, आंब्याच्या फोडीवर मारलेली थाप हे पाप नव्हे, ती तालीम आहे. मान एकदा फोडीवर डोलायला शिकली, की जामीनपत्रावरही डोलते. मानेला कुठे कळतं, समोर आंबा आहे की तीन एकर! तेव्हा वाचकहो, दिवसातून एकदा, जोर-बैठका काढाव्यात तसं, 'मला माहीत नाही' असं मोठ्याने म्हणून बघावं. सुरुवात हापूसपासून करावी, कारण त्यात नुकसान काहीच नाही. पहिल्या खेपेला जीभ जरा अडखळते. आंबा तितकाच गोड लागतो.