शाळा व्यवस्थापन समिती : पद की अमानत?

आपल्या मुलाच्या दप्तरातून पालकसभेची चिठ्ठी घरी येते, तेव्हा तिचे काय होते याचा विचार आपण कधी केला आहे काय? बहुधा ती वाचून बाजूला ठेवली जाते. हा विषय शिक्षणाचा आहेच, पण तो दीनचाही आहे, हे या लेखात मांडावयाचे आहे.

ठाण्याची राबोडी असो, मुंब्रा-कौसा असो की कल्याण-डोंबिवली, महानगरपालिकेच्या प्रत्येक शाळेत, मग ती मराठी माध्यमाची असो वा उर्दू, शाळा व्यवस्थापन समिती असावी लागते. २००९ चा शिक्षण हक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. त्याच्या कलम २१ नुसार समितीचे किमान तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात आणि निम्मे सदस्य स्त्रिया. शाळेच्या कामकाजावर लक्ष ठेवणे, विकास आराखडा तयार करणे आणि अनुदान कोठे खर्च झाले हे पाहणे ही तिची कामे होत. महाराष्ट्रात पालक सदस्यांची निवड पालकसभेतून होते आणि अध्यक्षही पालकांपैकीच असतो.

प्रत्यक्षात अनेक ठिकाणी काय घडते, ते आपण जाणताच. सभा कामाच्या दिवशी, भर दुपारी ठेवली जाते. मुंब्र्याहून पहाटेची लोकल पकडून मुंबईला गेलेला बाप तिला कसा येणार? जे चार-सहा जण येतात त्यांचीच नावे लिहिली जातात आणि निवड बिनविरोध झाल्याचे समाधान मानले जाते. पुढे बैठकीची नोंदवही सहीसाठी घरोघर फिरते.

या उदासीनतेला कधी कधी धार्मिक आधारही दिला जातो. पैगंबर मुहम्मद (स.) यांनी पद मागण्यास मनाई केली आहे, मग आपण कशाला पुढे व्हायचे, असे काही सज्जन म्हणतात. हदीस खरी आहे. अब्दुर्रहमान बिन समुरा (रजि.) यांना पैगंबरांनी अधिकारपदाची मागणी न करण्याचा उपदेश केला होता. परंतु त्याच उपदेशात, न मागता जबाबदारी सोपवली गेली तर अल्लाहची मदत लाभते, हेही सांगितले आहे. मनाई आहे ती लालसेला. दिव्य कुरआनच्या सूरह यूसुफमध्ये (आयत ५५) ह. यूसुफ (अ.) स्वतःहून भांडारांची जबाबदारी मागतात, आणि आपण राखणदार व जाणकार आहोत हे तिचे कारण देतात. दुष्काळ समोर उभा होता आणि काम जाणणारा माणूस गप्प बसला नाही.

याची दुसरी बाजूही लक्षात घेतली पाहिजे. सहीह मुस्लिममधील हदीसनुसार ह. अबू जर (रजि.) यांना पैगंबरांनी पद दिले नाही. त्यांच्या सत्यनिष्ठेविषयी कोणालाच शंका नव्हती; परंतु या कामासाठी ते दुर्बल आहेत आणि पद ही अमानत आहे, असे त्यांना सांगण्यात आले. आपण मात्र समितीसाठी नावे सुचवताना मोहल्ल्यातील वजनदार किंवा वयोवृद्ध माणूस शोधतो. पोषण आहाराचा हिशेब वाचता येणारी, शौचालयाला पाणी का नाही हे पुन्हा पुन्हा विचारणारी एखादी आई आपल्याला सुचत नाही.

निवड कशी करावी, याचा एक नमुना आपल्या इतिहासात आहे. ह. उमर (रजि.) यांनी अंतिम समयी सहा जणांची समिती नेमली. त्यांपैकी ह. अब्दुर्रहमान बिन औफ (रजि.) यांनी स्वतःचे नाव मागे घेतले आणि लोकांचे मत जाणण्याचे काम पत्करले. इब्ने कसीर यांनी नोंदवले आहे की, ते तीन दिवस व तीन रात्री मदिनेत फिरले; पडद्यातील स्त्रियांना, मदिनेत आलेल्या वाटसरूंना, इतकेच नव्हे तर मकतबमधील मुलांनाही त्यांनी विचारले. खलीफा निवडताना मुलांचे मत विचारण्याजोगे होते. मग मुलांच्याच शाळेचा प्रश्न असताना आपण त्यांना विचारतो काय? आणि लोक आले नाहीत ही तक्रार अब्दुर्रहमान (रजि.) यांनी केली नाही. ते स्वतः लोकांकडे गेले.

स्त्रियांच्या निम्म्या जागांविषयी स्पष्टच लिहिले पाहिजे. अनेकदा नाव पत्नीचे आणि खुर्चीत बसतो पती. हुदैबियाच्या कठीण प्रसंगी सहाबी निराश झाले असता पैगंबरांनी ह. उम्मे सलमा (रजि.) यांचा सल्ला ऐकला व तसेच केले. तो सल्ला त्यांच्याच तोंडून आला होता, त्यांच्या वतीने दुसऱ्या कोणी दिलेला नव्हता.

आता त्या नोंदवहीकडे पाहू. मुफ्ती मुहम्मद शफी यांच्यासारख्या विद्वानांनी मताला साक्षीचा दर्जा दिला आहे. सूरह बकराच्या २८२ व्या आयतीत, बोलावल्यास साक्षीदाराने नकार देऊ नये अशी आज्ञा आहे. तर २८३ व्या आयतीत साक्ष लपवणाऱ्याचे हृदय गुन्हेगार ठरवले आहे. मग ज्या बैठकीला आपण गेलोच नाही, तिच्या इतिवृत्ताखालील आपली सही कोणती साक्ष होय? सही मागणारे शिक्षक भले असतील, त्यांच्यावर कागदांचा भारही असेल. तरीही ती सही खोटीच राहते.

समाजाने चालवलेल्या शाळांचा प्रश्न वेगळा आहे. २०१२ च्या दुरुस्तीने अल्पसंख्याक शाळांतील समितीला केवळ सल्लागाराचे स्थान दिले आणि ६ मे २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने हा कायदा अशा शाळांना लागू होत नाही असा निर्णय दिला. संस्थाचालकांना ही मोकळीक राज्यघटनेच्या कलम ३० मुळे मिळते. परंतु सूरह शूराच्या ३८ व्या आयतीत श्रद्धावंतांचे व्यवहार परस्पर सल्लामसलतीने चालतात असे जे वर्णन आहे, त्यातून कोणत्याही न्यायालयाने त्यांना सूट दिलेली नाही. फी भरणाऱ्या पालकाला जमाखर्च विचारण्याची सोय नसेल, तर ती शाळा मुस्लिमांची आहे म्हणून तिचा कारभार इस्लामी ठरत नाही.

करावयाचे काम फार अवघड नाही. सभा रविवारी किंवा इशाच्या नमाजनंतर ठेवण्याची विनंती मुख्याध्यापकांना लेखी करता येते. जुमाच्या नमाजनंतर मशिदीत हरवलेल्या मुलाची, जनाजाची सूचना दिली जाते. तशीच पालकसभेची तारीखही सांगता येईल. मशिदीत न येणाऱ्या माता, तसेच शेजारची बिगरमुस्लिम कुटुंबे, ज्यांची मुले त्याच बाकावर बसतात, त्यांच्यापर्यंत निरोप दारोदार जाऊनच पोहोचवावा लागेल. नावे दोनपेक्षा अधिक आली तर चिठ्ठ्यांवर मतदान घ्यावे. त्याने मोहल्ल्यात फूट पडेल ही भीती बाळगण्याचे कारण नाही. निवड झाल्यावर समितीने पहिल्याच बैठकीत अनुदानाचा मागील वर्षाचा हिशेब मागावा आणि तो शाळेच्या फलकावर लावावा.