अंतःकरणावर लिहिलेला नियम

शास्त्रपाठ : रोमकरांस पत्र २:१४-१५, योहान ४:१-२६



डोईफोडियाच्या शब्बाथ शाळेत एका मुलाने आम्हांला विचारले, "शेजारच्या दुकानदारकाकांनी बायबल पाहिलेलेही नाही, तरी ते कधी काटा मारत नाहीत. हे त्यांना कोणी शिकवले?" पौलाने याचे उत्तर दिले आहे. ज्यांना नियमशास्त्र मिळाले नाही त्यांच्याही अंतःकरणावर देवाने नियम लिहिला आहे. म्हणून शेजाऱ्याचा चांगुलपणा पाहून आपण हिरमुसू नये, देवाचे आभार मानावेत.

मात्र ते अक्षर गिरवले नाही तर पुसट होते. पंडिता रमाबाईंचे पाहा. विरोध सोसून वडिलांनी आईला संस्कृत शिकवले व आईने रमाबाईंना. स्त्रीलाही मान आहे, हे त्या घरातच शिकल्या. दुष्काळात आईवडील गेले, तेव्हा भूक काय असते ते कळले. पुढे इंग्लंडात फुलहॅम येथे समाजाने टाकलेल्या स्त्रियांना सेवाव्रती भगिनी मायेने सांभाळतात, हे त्यांनी पाहिले. ही दया कोठून आली, असे विचारता त्यांना शोमरोनी स्त्रीची कथा ऐकायला मिळाली. १८८३ साली त्यांचा बाप्तिस्मा झाला. १८९६-९७ च्या दुष्काळात त्या मध्य प्रांतात आल्या आणि उपाशी मुलींना व विधवांना आपल्याबरोबर घेऊन गेल्या. आपला बुऱ्हाणपूरचा भाग तेव्हा त्याच प्रांतात होता.

देवाने लिहिले, आईवडिलांनी गिरवून घेतले, ख्रिस्ताने पूर्ण केले. शिक्षकांनो, मुले आपले पाठ विसरतील, पण तराजू धरलेला आपला हात विसरणार नाहीत. त्या हातावर प्रभूची सत्ता असो. आमेन.